वस्तीवरचा पडदा : शेतीचे सिनेमे एकत्र बसून का बघायचे?

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेली 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच भुंकलेलं आमचं कुत्रं एवढंच काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कानात इयरफोन घालून ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज मी कोपरगावच्या आमच्या वस्तीवरच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड करतोय आणि मागे उसाचा ट्रॅक्टर कधीही जाऊ शकतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात ओळख. मी बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आठवड्यातले काही दिवस पुण्यात आणि काही दिवस घरून. घर म्हणजे कोपरगाव तालुक्यात, शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर. गोदावरीच्या कालव्याचं पाणी, ऊस, कांदा, चार गाई. आण्णा शेती करतात, आई शेती आणि घर दोन्ही करते. मी लॅपटॉप करतो.

आजचा विषय आहे 'फिल्म-संध्याकाळ'. म्हणजे गावात पडदा लावायचा, शेतीवरचा, अन्न कसं पिकतं यावरचा सिनेमा किंवा व्हिडिओ दाखवायचा आणि नंतर बसून बोलायचं. तुम्ही म्हणाल, यात काय नवीन? प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. कांद्यावरच्या करप्यापासून ड्रोन फवारणीपर्यंत सगळं यूट्यूबवर आहे. मग चादर बांधून पन्नास माणसं गोळा करायची कशाला?

मलाही हाच प्रश्न होता. गेल्या वर्षात आम्ही अशा दोन संध्याकाळी केल्या. पहिली साफ फसली. दुसरी जमली. दोन्हींत नेमका फरक काय होता, ते आज सांगतो. मध्ये थोडा इतिहास येईल, थोडं गणितही येईल. कंटाळू नका, दोन्ही कामाचं आहे.

पहिली संध्याकाळ : चुकलेली

दिवाळीनंतर, उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला. पुण्याच्या एका मित्राचा प्रोजेक्टर मागून आणला होता. मी आणि चुलतभाऊ, दोघांनी ठरवलं की आपण 'गाभ्रीचा पाऊस' दाखवायचा. सतीश मन्वर यांचा २००९ सालचा सिनेमा. विदर्भातला कापूस उत्पादक शेतकरी, रुसलेला पाऊस, पुन्हा पुन्हा पेरणी, आणि नवरा जिवाचं काही बरंवाईट करेल या धास्तीनं त्याच्यावर नजर ठेवून असलेली बायको. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. मला तो कॉलेजात असताना फार आवडला होता. हॉस्टेलवर चार मित्रांनी बघून नंतर पहाटेपर्यंत गप्पा मारल्या होत्या.

आमच्या ओट्यासमोर पस्तीस-चाळीस माणसं जमली. अर्ध्या तासानं मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि गेल्या. मला वाटलं, घरी काम असेल. मग त्यांच्या शेजारच्या दोघी उठल्या. मग पुरुषही एकेक करून 'मोटार चालू करायचीय' म्हणत निघाले. सिनेमा संपला तेव्हा समोर आम्ही सहाजण आणि माझा प्रोजेक्टर.

रात्री आई भांडी घासताना म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं का रे, त्यांच्या घरात काय झालंय ते?"

मला ठाऊक होतं. मी बारावीत होतो तेव्हाची गोष्ट, त्यांच्या दिराची. ठाऊक होतं, पण सिनेमा निवडताना ते डोक्यातच आलं नाही. मी 'चांगला सिनेमा' निवडत होतो. समोर कोण बसणार आहे, हे निवडीच्या वेळी मी धरलंच नव्हतं. हॉस्टेलवर ज्या गोष्टीवर आम्ही चर्चा केली, ती इथे कुणाच्या तरी घरात घडून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या काकूंकडे गेलो. माफी मागितली. त्या फार बोलल्या नाहीत. चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, "पिच्चर वाईट नव्हता बाबा. पण समद्यांसमोर नको."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. एकत्र बघणं ही एकट्यानं बघण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. तिची ताकदही वेगळी आणि तिचा त्रासही वेगळा. मग मी जरा शोधायला लागलो की हे 'एकत्र बघणं-ऐकणं' आपल्याकडे आधी कुणी, कसं केलंय.

१९५६ : आपल्या पॉडकास्टचे आजोबा

शोधताना जे सापडलं त्यानं मी उडालोच. १९५६ साली आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे केंद्रावरून, मराठीत. तेव्हाच्या मुंबई राज्यातले मराठी भाषक ५ जिल्हे, सुमारे १५० गावं. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचा एक गट. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेती आणि गावाबद्दलचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. गटानं एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद करायचा, मग चर्चा करायची. गटाचा निमंत्रक चर्चेचा अहवाल आणि प्रश्न केंद्राला पाठवायचा, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरं मिळायची.

त्यांचं सूत्र तीन शब्दांचं होतं : ऐका, चर्चा करा, कृती करा.

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं. पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ त्यात होते. त्यांनी काय केलं, तर तुलना केली. काही गावांत रेडिओ आणि गट दोन्ही, काही गावांत नुसता रेडिओ, काही गावांत दोन्ही नाही. आयटीवाल्या मित्रांनो, हे म्हणजे आपलं ए-बी टेस्टिंगच झालं की! निष्कर्ष असा निघाला की जिथे गट बसून चर्चा करत होते तिथे लोकांच्या माहितीत मोठी वाढ झाली, आणि जिथे गट नव्हते तिथे ती नगण्य होती.

परत वाचा ते. नुसता रेडिओ असून फार भागलं नाही. रेडिओ ऐकून झाल्यावर बंद करून माणसं एकमेकांशी बोलली, तिथे फरक पडला. आज रेडिओच्या जागी यूट्यूब ठेवा. व्हिडिओ बघितला, अंगठ्यानं वर सरकवला, पुढचा आला. चर्चेची जागाच उरत नाही.

पुढे टीव्ही आला. २६ जानेवारी १९६७ ला दूरदर्शनवर दिल्लीच्या आसपासच्या गावांसाठी 'कृषी दर्शन' सुरू झालं. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा उपग्रह प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाचा उपग्रह वर्षभरासाठी वापरून ६ राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सार्वजनिक टीव्ही संच लावले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्याकडे मुंबई दूरदर्शनचं 'आमची माती, आमची माणसं' होतं. आण्णा सांगतात, वस्तीत एकच टीव्ही होता आणि कार्यक्रमापेक्षा कार्यक्रमानंतरच्या गप्पा जास्त वेळ चालायच्या. प्रत्येकाच्या घरात टीव्ही आल्यावर त्या गप्पा गेल्या.

सिनेमा आणि शेती : शंभर वर्षांचं नातं

आता सिनेमाकडे. मराठी माणसानं शेतकऱ्याची गोष्ट पडद्यावर आणली त्याला शंभर वर्षं होऊन गेली. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश', साल १९२५, कोल्हापूरची महाराष्ट्र फिल्म कंपनी. मूकपट. सावकाराच्या कर्जात जमीन गेलेला तरुण शेतकरी शहरात जाऊन मजूर होतो. त्या तरुणाची भूमिका केली होती व्ही. शांताराम यांनी. १९३६ साली त्याचा बोलपटही आला. देवादिकांचे सिनेमे जोरात असतानाच्या काळात ही माणसं कर्जावर सिनेमा काढत होती.

पण एकत्र बघण्याच्या दृष्टीनं सगळ्यात भारी गोष्ट 'मंथन'ची. १९७६, दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. गुजरातमधल्या दूध सहकारी संस्थांची गोष्ट. पैसे कुणी घातले? तिथल्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी, प्रत्येकी २ रुपये. म्हणजे १० लाख रुपये. आज ज्याला आपण क्राउडफंडिंग म्हणतो, ते पन्नास वर्षांपूर्वी, ॲपशिवाय. सिनेमा लागला तेव्हा हीच मंडळी ट्रक भरभरून 'आपला' सिनेमा बघायला गेली. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली आणि नंतर आपल्याकडच्या थिएटरांतही लागली.

माझ्यासाठी महत्त्वाचा भाग पुढचा आहे. थिएटरातून उतरल्यावर 'मंथन'च्या १६ मिलिमीटरच्या छोट्या प्रिंट काढून त्या गावोगावी नेल्या गेल्या, नव्या दूध संस्था उभ्या करायला. सोबत पथक असायचं : जनावरांचा डॉक्टर, दुधाचा तंत्रज्ञ, चाऱ्याचा जाणकार. म्हणजे सिनेमा संपला की 'मग आमच्या गावात हे कसं करायचं?' या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस तिथेच बसलेला. सिनेमानं प्रश्न उभा करायचा आणि माणसांनी तो पुढे न्यायचा. मी पहिल्या संध्याकाळी प्रश्न उभा करून लॅपटॉप बंद करणार होतो. माझ्याकडे पुढचं काहीच नव्हतं.

आणि 'मंथन' गोड गोड नाही बरं का. त्यात फॅट मोजण्यातली लबाडी आहे, गावातली जात आहे, संस्थेच्या निवडणुकीत सरपंच हरतो म्हणून होणारं राजकारण आहे. सहकारी कारखाने आणि दूध संघांच्या आपल्या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला सुरू झाला. त्यामुळे आमच्याकडे संस्थेची निवडणूक हा आवडता सिनेमाच असतो, तोही दर पाच वर्षांनी.

थांबवा ते बटण

तिसरा धडा एका तुलनेनं नव्या कामातून मिळाला. २००६ च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रिकिन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डिजिटल ग्रीन' सुरू केलं. आधी संशोधन प्रकल्प, नंतर स्वतंत्र संस्था. कल्पना साधी : शेतीचा व्हिडिओ तज्ज्ञाचा नको, त्याच भागातल्या शेतकऱ्याचा करा. तो गावात छोट्या गटाला दाखवा. आणि दाखवताना गावातलाच एक माणूस सूत्रधार ठेवा, जो मध्ये मध्ये व्हिडिओ थांबवेल आणि विचारेल : "आत्ता काय बघितलं? आपल्याकडे असं करतात का? का नाही?"

कर्नाटकातल्या गावांमधल्या सुरुवातीच्या अभ्यासात त्यांना असं दिसलं की खर्च झालेल्या पैशामागे नवी पद्धत स्वीकारणारे शेतकरी नेहमीच्या विस्तार कार्यक्रमाच्या तुलनेत सुमारे १० पट मिळाले. कारण काय? एक म्हणजे चेहरा. बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न असायचा की हा शेतकरी कोण, कुठल्या गावचा. ओळखीचा निघाला की "त्याला जमलं तर मला का नाही" हे आपोआप येतं. दुसरं म्हणजे ते थांबवण्याचं बटण.

मी इंजिनिअर माणूस, मला वाटायचं कंटेंट चांगला पाहिजे, क्वालिटी फोर-के पाहिजे. आणि इथे सगळ्यात कामाचं फीचर निघालं पॉज!

चेहऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, गावठी बियाणं जपणाऱ्या, २०२० च्या पद्मश्री. त्यांच्यावर अच्युतानंद द्विवेदी यांनी 'सीड मदर' नावाची तीन मिनिटांची फिल्म केली आणि २०१९ मध्ये कानला एका लघुपट स्पर्धेत तिला तिसरं बक्षीस मिळालं. तीन मिनिटं! ती लिंक मी आमच्या वस्तीच्या ग्रुपवर टाकली तेव्हा आईनं ती चार वेळा बघितली आणि म्हणाली, "ही तर आपल्यासारखीच बोलती."

दुसरी संध्याकाळ : कांद्याची मान

मार्चमध्ये, उन्हाळ कांदा काढणीच्या आधी, आम्ही परत पडदा लावला. या वेळी सिनेमा नाही. आम्हीच मोबाइलवर केलेले तीन व्हिडिओ, प्रत्येकी चार-पाच मिनिटांचे. विषय एकच : चाळीतला कांदा सडतो का?

हा विषय का, तर मागच्या वर्षी आमचा सडला होता. एप्रिलमध्ये चाळीत भरला, भाव येईल म्हणून थांबलो आणि ऑगस्टमध्ये चाळ फोडली तर खालचा थर पाणी झालेला. आण्णा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. माझ्या पगारातून घर चालतं, त्यामुळे आमच्यावर आभाळ कोसळलं नाही. पण ज्यांच्याकडे असा पगार नाही ते शेजारी आमच्यासारखेच थांबले होते.

व्हिडिओत होते शेजारच्या वस्तीवरचे तात्या, ज्यांचा कांदा दरवर्षी टिकतो. त्यांनी काय सांगितलं ते थोडक्यात. काढणीच्या आधी पाणी तोडायचं. उपटलेला कांदा शेतातच पातीसकट सुकवायचा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरून, म्हणजे ऊन थेट लागत नाही. पात कापताना कांद्याला दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवायची. अगदी मुळापासून कापली तर तोंड उघडं राहतं, तिथून रोग आत जातो. मग सावलीत पुन्हा सुकवून प्रतवारी, आणि जोडकांदा, डेंगळ्याचा कांदा चाळीत घालायचाच नाही. चाळ जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूनं हवा खेळती, रुंदी कमी, थर फार उंच नाही.

यातलं बरंच सगळ्यांना माहीत असतं. आण्णांनाही माहीत होतं. मग सडला का?

मी 'मान' वाल्या ठिकाणी व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "आपल्याकडे मान किती ठेवतात?" पुरुष मंडळी म्हणाली, दोन बोटं. सगळे एकदम, ठासून. मग डाव्या बाजूनं, बायकांच्या बाजूनं आवाज आला. आमच्याकडे दरवर्षी कांदा काढायला येणाऱ्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "दोन बोटं कोण ठेवतंय? उक्तं काम घेतो आम्ही, एकराचं. एकेक कांदा मापत बसलो तर दोन दिवसाचं काम चार दिवस चालंल. चार दिवसाची मजुरी देता का?"

एकदम शांतता. मग हसू. मग खरी चर्चा सुरू झाली.

तासभर चालली ती. आण्णांना माहीत होतं मान किती ठेवायची, पण विळा आण्णांच्या हातात नसतो. ज्यांच्या हातात असतो त्यांना कामाचे पैसे वेगावर मिळतात, नीट कापण्यावर नाही. सल्ल्याचे सगळे व्हिडिओ मालकाच्या मोबाइलवर येतात. कापणाऱ्या बाईपर्यंत ना व्हिडिओ पोचतो, ना त्याचा मोबदला. हे एकट्यानं यूट्यूब बघून मला दहा वर्षांतही कळलं नसतं, कारण त्या मावशी माझ्या फोनमध्ये नव्हत्या. त्या पडद्यासमोर होत्या.

शेवटी असं ठरलं : जो कांदा लगेच बाजार समितीत जाणार तो नेहमीसारखा काढायचा. जो चाळीत ठेवायचा, त्याचं काम वेगळं धरायचं आणि एकरी दर वाढवून द्यायचा. किती, यावर आणखी अर्धा तास घासाघीस झाली. आमच्यासकट चार घरांनी ते केलं.

उपयोग झाला का? यंदा आमची चाळ फोडली तेव्हा खालचा थर शाबूत होता. पण मी आकडा देणार नाही. एकच चाळ, एकच वर्ष, आणि हवामानही वेगळं. चार घरांच्या अनुभवाला 'डेटा' म्हणणाऱ्याला ऑफिसात मी स्वतःच झापतो. एवढं मात्र खरं की पुढच्या हंगामाचा दर ठरवायला मावशी स्वतःहून आल्या.

आता गणित : तुम्हाला करायचं असेल तर

पडदा. नवीन घेऊ नका. वाढदिवसाचे जुने फ्लेक्स प्रत्येक चौकात असतात, त्याची मागची पांढरी बाजू झकास चालते. सगळ्या कडा बांधा, नाहीतर वाऱ्यानं त्याचं शीड होतं. चादर असेल तर दुहेरी करा, एकेरीतून प्रकाश पार जातो.

प्रोजेक्टर. डब्यावरच्या ल्युमेनच्या आकड्यावर जाऊ नका, 'अँसी ल्युमेन' किती ते विचारा. आणि मोह आवरा : पडद्याची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे उजेड एक चतुर्थांश. चाळीस-पन्नास माणसांना ८ फूट रुंद पडदा पुरतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.५ असेल तर तो ८ गुणिले १.५, म्हणजे १२ फुटांवर ठेवायचा.

वीज. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. प्रोजेक्टर, स्पीकर, लॅपटॉप मिळून साधारण ४०० वॅट धरा. दोन तासांचे झाले ८०० वॅट-तास. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण जुनी असेल तर निम्मीच धरा. तरी ९०० होतात. भागतं.

आवाज. चित्र अंधूक असलं तर लोक सोसतात, आवाज कळला नाही तर उठून जातात. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या उंचीवर. रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, हा नियम आहे. आधी परवानगी काढा आणि साडेनऊला आवरा. तसंही ऊसतोडीची मंडळी पहाटे तीन-चारला उठतात, त्यांना बोलवायचं असेल तर लवकर सुरू, लवकर बंद.

परवानगी. ही माझी पहिल्या वेळची दुसरी चूक. ओटीटीचं सबस्क्रिप्शन किंवा विकत घेतलेली डीव्हीडी घरी बघण्यासाठी असते. तिकीट नसलं तरी गावासमोर सिनेमा दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी पाहिजे. माहितीपट करणारे बरेच लोक छोट्या प्रेक्षकांसाठी आनंदानं देतात, पण विचारायला हवं. फिल्म्स डिव्हिजनचा १९४८ पासूनचा संग्रह आता एनएफडीसीकडे आहे, तिथे विचारणा करता येते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे स्वतःचे व्हिडिओ करा. ज्याचं शेत, ज्याचा चेहरा, त्याला विचारून.

निवड. दाखवायच्या आधी दोन-तीन जाणत्या माणसांना, त्यात किमान एक बाई, आख्खा व्हिडिओ दाखवा. "कुणाला त्रास होईल का?" एवढं एकच विचारा. हे मी केलं असतं तर पहिली संध्याकाळ तशी गेली नसती.

चर्चा. व्हिडिओ वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, बोलणं त्याच्या दुप्पट हवं. सूत्रधारानं उत्तरं द्यायची नाहीत, बटण दाबायचं आणि विचारायचं. आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसं समोर आहेत का, हे सुरू करायच्या आधी मोजून घ्या.

एक टोमणा आणि शेवट

दुसऱ्या संध्याकाळी निघताना एक आजोबा म्हणाले, "पोरा, समदं खरं. पण पिच्चर दावून कांद्याला भाव येतो का?"

नाही येत. निर्यातीचे निर्णय, बाजारातली आवक, पाऊस, यातलं काहीही आमच्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूवर ठरत नाही. ते मी त्यांना तसंच सांगितलं. पण भाव येईपर्यंत कांदा टिकला तर पाहिजे, आणि कापणाऱ्या बाईला तिच्या कामाचे पैसे मिळाले तर पाहिजेत. तेवढं वस्तीच्या हातात आहे. आजोबा 'बघू' म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे निम्मा होकार असतो.

तिसऱ्या संध्याकाळी 'मंथन' दाखवायचा विचार आहे. परवानगीची विचारणा सुरू आहे. दुधाचं फॅट आणि एसएनएफ मोजायची पद्धत समजावून सांगणारं कुणीतरी त्या दिवशी सोबत हवं, तेही शोधतोय. आणि त्या काकूंना मी आधीच सिनेमाची गोष्ट सांगून आलोय. त्यांनी विचारलं, "यात कोण मरत नाही ना?" मी आठवून आठवून जे जे घडतं ते सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मग येते. खुर्ची पुढं ठेव, मला लांबचं दिसत नाही."

तर मंडळी, तुमच्या गावात असं काही झालंय का? तंबूतला सिनेमा आठवणारे आजी-आजोबा असतील तर त्यांना बोलतं करा. एक-दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हा एपिसोड शक्य झालं तर एकट्यानं ऐकू नका. मोबाइल मध्ये ठेवा, दोघं-तिघं मिळून ऐका, मध्येच थांबवा आणि माझं काय चुकलं ते बोला. १९५६ च्या मंडळींनी हेच शिकवलंय.

चला, ट्रॅक्टर आलाच. भेटू पुढच्या आठवड्यात!